शिडी भिंत कधी सोडते?

पाच मीटर लांबीची, सगळीकडे सारख्या जाडीची एक शिडी भिंतीला टेकून उभी आहे. पाया भिंतीपासून ३ मीटरवर, म्हणून वरचं टोक ४ मीटर उंचीवर. भिंत आणि जमीन दोन्ही गुळगुळीत, घर्षण अजिबात नाही. पायाला भिंतीच्या बुडाशी बांधलेली एक आडवी दोरी शिडीला जागेवर धरून ठेवते. दोरी कापली की शिडी घसरू लागते. वरचं टोक जमिनीवर आपटेल तेव्हा त्याचा वेग किती असेल?

बल आणि गती हा विषय पदवीच्या वर्गात गणिती पद्धतीने शिकवताना मला या एका प्रसंगाकडे पुन्हा पुन्हा परतावंसं वाटतं. प्रश्न साधा आहे आणि लागणारं गणितही मोजकं आहे. तरीही बहुतेक वह्यांमध्ये उत्तर चुकतं. चूक आकडेमोडीत नसते. ती पहिल्या ओळीच्याही आधी, चित्र काढतानाच झालेली असते.

हीच शिडी विद्यार्थ्यांना आधी एकदा भेटलेली असते, कलनाच्या तासाला. तिथे पाया सेकंदाला १ मीटर या स्थिर वेगाने भिंतीपासून दूर ओढला जातो आणि वरचं टोक किती वेगाने खाली येतं ते विचारतात. पायाचं भिंतीपासूनचं अंतर प, टोकाची उंची उ आणि लांबी ल धरली, तर पायथागोरसच्या प्रमेयाने प² + उ² = ल². एकदा अवकलन केलं की टोकाचा वेग = (प ÷ उ) × पायाचा वेग. प ३ आणि उ ४ असताना उत्तर येतं सेकंदाला ०.७५ मीटर. गुण मिळतात, पान उलटतं.

पण त्याच सूत्रात उ थोडी कमी करून बघा. टोक जमिनीपासून १० सेंटीमीटरवर असताना वेग सेकंदाला सुमारे ५० मीटर. एक सेंटीमीटरवर असताना ५००, म्हणजे हवेतल्या ध्वनीपेक्षा जास्त. उंची शून्याकडे गेली की वेग अनंताकडे जातो. अवकलन बरोबर आहे, भूमितीही बरोबर आहे, आणि निष्कर्ष अशक्य आहे. अशा जागी थांबून विचारायला हवं की आपण न तपासता काय गृहीत धरलं. गृहीत हे धरलं की टोक शेवटपर्यंत भिंतीला टेकलेलं राहतं. हे कुणी सिद्ध केलेलं नाही. ते फक्त चित्रात तसं दिसतं.

ओढलेल्या शिडीकडे शेवटी परत येऊ. आधी दोरी कापलेली, आपल्या वजनाने घसरणारी शिडी पाहू.

नेहमीचं उत्तर

शिडीचं वस्तुमान म, गुरुत्वत्वरण ग, टोकाची सुरुवातीची उंची ह आणि शिडीचा कोनीय वेग क मानू. शिडीवर तीनच बलं आहेत: मध्यावर खाली खेचणारं वजन, जमिनीची वर ढकलणारी प्रतिक्रिया ज, आणि भिंतीची आडवी, भिंतीपासून दूर ढकलणारी प्रतिक्रिया भ. शिडी टेकलेली असताना जमिनीचा संपर्कबिंदू आडवा सरकतो आणि ज उभी आहे. भिंतीचा संपर्कबिंदू उभा सरकतो आणि भ आडवी आहे. म्हणून दोन्ही प्रतिक्रिया कार्य करत नाहीत आणि ऊर्जा अक्षय्य राहते.

शिडी टेकलेली आहे तोवर तिचा मध्य कोपऱ्यापासून कायम ल ÷ २ अंतरावर असतो, म्हणजे तो वर्तुळाच्या कमानीवरून उतरतो. (हे सुंदर आहे आणि चटकन पटतही नाही. घसरणाऱ्या शिडीचा मध्य भिंतीकडे फुगलेल्या वक्रावरून जात असेल असं अनेकांना वाटतं; प्रत्यक्षात फुगवटा कोपऱ्यापासून बाहेरच्या बाजूला असतो.) मध्याच्या गतीची ऊर्जा आणि मध्याभोवती फिरण्याची ऊर्जा अशी विभागणी केली, आणि दांड्याचं मध्याभोवतीचं जडत्व आघूर्ण मल² ÷ १२ घेतलं, तर एकूण गतिज ऊर्जा येते मल²क² ÷ ६. मध्य (ह − उ) ÷ २ इतका खाली आलेला असतो. म्हणून

क² = ३ग(ह − उ) ÷ ल²

आता वहीत पुढची ओळ अशी येते: टोक जमिनीला लागतं तेव्हा उ = ०, म्हणून क² = ३गह ÷ ल². ग = ९.८ घेतलं तर क² = ४.७०४, क सुमारे २.१७ रेडियन प्रति सेकंद, आणि टोकाचा वेग ५ × २.१७, म्हणजे सेकंदाला सुमारे १०.८४ मीटर. ऊर्जेचा नियम पाळला, एकक बरोबर, उत्तर चौकटीत.

हे उत्तर चुकीचं आहे. ते मोठ्या गणितात न शिरता दाखवता येतं, आणि माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात मोलाची जागा हीच आहे.

आडव्या दिशेचा हिशेब

मध्याच्या आडव्या वेगाकडे बघा. तो पायाच्या वेगाच्या निम्मा, म्हणजे उक ÷ २. सुरुवातीला क शून्य, म्हणून हा वेगही शून्य. वहीतल्या उत्तरानुसार शेवटी उ शून्य, म्हणून वेग पुन्हा शून्य. मधल्या काळात मात्र शिडी भिंतीपासून दूर सरकत होती. म्हणजे या उत्तरानुसार मध्याने आधी आडवा वेग मिळवला आणि मग तो सगळा गमावला.

गमावला कुणामुळे? वजन उभं, जमिनीची प्रतिक्रिया उभी. आडवं बल देणारी वस्तू एकच, ती भिंत. आणि भिंत शिडीला दूर ढकलू शकते, स्वतःकडे ओढू शकत नाही. टोक भिंतीला खिळ्याने किंवा खाचेने जखडलेलं नाही, ते नुसतं टेकलेलं आहे. त्यामुळे शिडीचा आडवा संवेग वाढू शकतो किंवा तेवढाच राहू शकतो, कमी होऊ शकत नाही. वहीतल्या उत्तराला तो कमी व्हायला हवा आहे. म्हणून शिडीने जमिनीवर पोहोचण्याआधीच भिंत सोडलेली असते.

एवढ्या विचाराला कागदसुद्धा लागत नाही. याच विचारातून भिंत सोडण्याची जागाही मिळते. भिंतीला टेकून राहण्याची अट ज्या उंचीला आडवा वेग कमी करायला सांगू लागते, तीच ती जागा. म्हणजे उक जास्तीत जास्त असण्याची जागा. उ²क² हे उ²(ह − उ) च्या प्रमाणात आहे. त्याचं उ च्या सापेक्ष अवकलन शून्य केलं की २ह = ३उ, म्हणजे

उ = २ह ÷ ३

टोक सुरुवातीच्या उंचीच्या दोन तृतीयांशावर आलं की शिडी भिंत सोडते. वस्तुमान, लांबी, गुरुत्वत्वरण यांतलं काहीही या अपूर्णांकात नाही. चंद्रावर ही शिडी सावकाश घसरेल, पण भिंत सोडेल ती याच उंचीवर. आपल्या शिडीसाठी ही उंची २.६७ मीटर. म्हणजे टोकाने जेमतेम १.३३ मीटर खाली येईपर्यंत भिंतीचं काम संपलेलं असतं. उरलेला दोन तृतीयांश प्रवास तिच्याविना होतो.

ज्यांना भिंतीची प्रतिक्रिया थेट पाहायची आहे त्यांनी ती काढावीच, कारण ऋण चिन्ह डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ही गोष्ट मनात पक्की बसत नाही. ऊर्जेच्या समीकरणाचं कालसापेक्ष अवकलन केलं की कोनीय त्वरण ३गप ÷ २ल² मिळतं. मध्याचं आडवं त्वरण म्हणजे उक ÷ २ च्या बदलाचा दर. त्याला म ने गुणलं की

भ = (३मगप ÷ ४ल²) × (३उ − २ह)

शिडी २० किलोग्रॅमची धरू, म्हणजे वजन १९६ न्यूटन. सुटताक्षणी भ सुमारे ७०.६ न्यूटन. उ २.६७ मीटर झाली की शून्य. आणि कुणी हट्टाने हेच सूत्र उ = १ मीटरपर्यंत नेलं, तर भ येते उणे १४४ न्यूटन. याचा अर्थ, टोक त्या उंचीवर भिंतीला चिकटून राहायला हवं असेल तर भिंतीने शिडीला १४४ न्यूटनने स्वतःकडे ओढावं लागेल. वहीतलं १०.८४ हे उत्तर अशाच ओढणाऱ्या भिंतीचं आहे. टोक भिंतीतल्या उभ्या खाचेत अडकवलं असतं तर ते अचूक ठरलं असतं.

इथे एक इशारा द्यायला हवा. अनेक विद्यार्थी पुढच्या वर्षी लाग्रांजची पद्धत शिकतात. १७८८ मध्ये मांडलेल्या त्या रीतीचं बळ हेच की बंधनाची बलं समीकरणांतून गळून पडतात आणि काम हलकं होतं. या प्रश्नात नेमकं गळलेलं बलच निर्णायक आहे. त्या पद्धतीने काढलेलं गतीचं समीकरण बिनचूक येतं, पण ते कुठवर लागू आहे हे समीकरण स्वतः सांगत नाही. त्यासाठी भ पुन्हा शोधून आणावी लागते.

जमीन काय करते

भिंतीकडे लक्ष असताना जमिनीची प्रतिक्रिया दुर्लक्षित राहते, आणि वहीत सर्रास लिहिलं जातं: ज = मग. शिडी दोरीने बांधलेली असताना ते खरं आहे. दोरी कापताच ते खोटं ठरतं, कारण मध्याला लगेच खालच्या दिशेने त्वरण मिळतं. उभ्या दिशेचा हिशेब केला तर

ज = (मग ÷ ४) × [१ + (९उ² − ६उह) ÷ ल²]

दोरी कापण्याआधी ज १९६ न्यूटन होती. कापल्याबरोबर ती १४३ न्यूटनवर येते. भिंतीची प्रतिक्रियाही ७३.५ वरून ७०.६ वर उडी घेते. शिडी अजून तसूभरही हललेली नाही, वेग शून्य आहे, तरी दोन्ही प्रतिक्रिया बदलल्या. नव्या विद्यार्थ्याला हे खटकतं आणि ते खटकणं योग्यच आहे. वेग अचानक बदलू शकत नाही, त्वरण बदलू शकतं, आणि प्रतिक्रिया त्वरणाशी बांधलेल्या असतात.

आता उ = २ह ÷ ३ घातलं तर कंसातला दुसरा भाग शून्य होतो आणि उरतं ज = मग ÷ ४. शिडी कितीही तिरकी उभी केलेली असो, भिंत सोडण्याच्या क्षणी जमिनीवर तिच्या वजनाचा बरोबर चौथा हिस्सा असतो. आपल्या शिडीसाठी ४९ न्यूटन. हा चौथा हिस्सा मला पहिल्यांदा योगायोग वाटला होता. तो योगायोग नाही. कारण पुढे येतं.

ज कधी शून्य होते का, म्हणजे शिडी जमीनही सोडते का, हा प्रश्न चांगले विद्यार्थी इथे विचारतात. भिंतीला टेकलेली असताना तर नाहीच, कारण त्या काळात ज ची किमान किंमत हीच मग ÷ ४ आहे. भिंत सुटल्यानंतरही पाया जमिनीवरच राहतो. ते पुढच्या समीकरणांतून तपासता येतं, आणि हा व्यायाम वाचकांनी स्वतः करावा असा आहे.

भिंत सुटल्यानंतर

सुटण्याच्या क्षणी क² = गह ÷ ल², म्हणजे १.५६८, क सुमारे १.२५ रेडियन प्रति सेकंद. पायाचा वेग सेकंदाला ३.३४ मीटर, मध्याचा आडवा वेग त्याच्या निम्मा, १.६७ मीटर. इथून पुढे आडवं बल एकही नाही, म्हणून हा १.६७ शेवटपर्यंत कायम राहतो. मध्य आता वर्तुळावर नाही. टोक भिंतीपासून दूर जातं, आणि प² + उ² = ल² हे नातं भिंतीपासून मोजलेल्या अंतरांना लागू राहत नाही.

उरलेला हिशेब ऊर्जेचा. मध्य एकूण २ मीटर खाली येतो, म्हणून ३९२ ज्यूल ऊर्जा मोकळी होते. त्यातली सुमारे २८ ज्यूल आडव्या गतीत अडकून पडते आणि फिरण्याच्या व खाली येण्याच्या वाट्याला ३६४ ज्यूल उरतात. त्यावरून जमिनीला लागताना क² = ४.३७, क = २.०९, आणि टोकाचा खालच्या दिशेचा वेग सेकंदाला १०.४५ मीटर.

चुकीच्या उत्तरात आणि यात फरक चार टक्क्यांच्या आसपास आहे. म्हणून कुणी म्हणेल, एवढ्याशा फरकासाठी इतका खटाटोप कशाला? मग पायाचा वेग विचारावा. चुकीचं उत्तर सांगतं की शिडी जमिनीवर पडताना पाया स्तब्ध असतो. बरोबर उत्तर सांगतं की पडलेली शिडी सेकंदाला १.६७ मीटर वेगाने जमिनीवरून घसरत पुढे जात असते. एक वस्तू थांबते आणि दुसरी चालत राहते, हा फरक टक्क्यांत मोजता येत नाही.

याच जागी आणखी एक गोष्ट दाखवण्यासारखी आहे. ४ मीटरवरून नुसता सोडलेला दगड जमिनीला लागताना सेकंदाला ८.८५ मीटर वेगात असतो. शिडीचं टोक त्याच उंचीवरून निघून १०.४५ ने आपटतं. जमिनीच्या प्रतिक्रियेने शिडीची ऊर्जा वाढत नाही, पण ती शिडीला फिरवते, आणि त्या फिरण्याने पायाजवळच्या भागाच्या वाट्याची ऊर्जा टोकाकडे जाते.

पुन्हा ओढलेली शिडी

आता कलनाच्या तासाची शिडी. पाया सेकंदाला व मीटर या स्थिर वेगाने चालतो आहे. टोक टेकलेलं आहे तोवर मध्याचा आडवा वेग व ÷ २, तोही स्थिर. म्हणजे आडवं त्वरण शून्य, आणि भिंतीची प्रतिक्रिया आणि पायाला हाताने दिलेलं बल यांची बेरीज शून्य. भिंत बाहेर ढकलते आहे, तर हाताने तेवढ्याच बलाने आत धरलं पाहिजे. आपण या प्रश्नाला «ओढलेली शिडी» म्हणतो, पण हात ओढत नाही, अडवतो. व = १ असताना, टोक ४ मीटरवर असण्याच्या क्षणी हे अडवणं सुमारे ७१.५ न्यूटनचं आहे. समीकरण मांडेपर्यंत हे माझ्याही ध्यानात आलं नव्हतं.

भिंत सुटण्याचा क्षण म्हणजे भ = ०, आणि मग हाताचं बलही शून्य. त्या क्षणी शिडीवर वजन आणि ज एवढंच. मोकळ्या शिडीची भिंत सुटली तेव्हाही नेमकी हीच अवस्था होती. दोन्ही ठिकाणी आडवं बल नाही आणि टोक त्या क्षणापुरतं अजून भिंतीलगत आहे. एवढ्या दोन गोष्टींवरून, वेग न विचारता, पुढचं निघतं. कोनीय त्वरण त मानू. मध्याभोवतीच्या आघूर्णावरून ज = मल²त ÷ ६प. आडवं त्वरण शून्य, म्हणून उत = पक²; ते वापरलं की मध्याचं खालच्या दिशेचं त्वरण ल²त ÷ २प येतं. त्याला म ने गुणलं तर ते बरोबर ३ज भरतं. उभ्या दिशेचं समीकरण मग − ज = ३ज, म्हणजे ज = मग ÷ ४. चौथ्या हिश्श्याचं मूळ हे. शिडी कशी सोडली, किती वेगात आली, याच्याशी त्याचं देणंघेणं नाही.

ज मग ÷ ४ असेल तर मध्याचं खालच्या दिशेचं त्वरण ३ग ÷ ४. ओढलेल्या शिडीत भूमितीवरून तेच त्वरण व²ल² ÷ २उ³ आहे. दोन्ही समान ठेवले की

उ³ = २व²ल² ÷ ३ग

व = १ आणि ल = ५ घातलं तर उ सुमारे १.१९ मीटर. टोकाचा वेग तेव्हा सेकंदाला ४.०७ मीटर, अनंताच्या जवळपासही नाही. त्यानंतर शिडी चालत्या पायाभोवती फिरत पडते आणि टोक सेकंदाला सुमारे ७.२६ मीटर वेगाने जमिनीला लागतं. पाया जितका हळू सरकवाल तितकी ही उंची कमी होते, पण ती शून्य कधीच होत नाही. म्हणून टोकाचा वेग अनंताकडे नेणारं ते सूत्र जिथे बिघडतं, तिथपर्यंत शिडी त्याच्या ताब्यात राहतच नाही.

पाया धरणाऱ्या हाताचं पुढे काय होतं, तेही काढता येतं. हाताचं बल ७१.५ न्यूटनच्या अडवण्यापासून बदलत बदलत १.१९ मीटरवर क्षणभर शून्य होतं, आणि मग पुन्हा वाढू लागतं, पण या वेळी बाहेरच्या दिशेने, कारण आता फिरणाऱ्या शिडीचा मध्य पायाला मागे, भिंतीकडे ओढतो आहे आणि हाताला खरोखरच ओढावं लागतं. टोक जमिनीला लागण्याच्या क्षणी ते सुमारे १०५ न्यूटन असतं.